कलबुर्गीच्या मुलखात अँटेना लहान कशी झाली

बिनतारी यंत्राच्या सगळ्या भागांत अँटेना सर्वांत शेवटी लहान झाली. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग हजारो ट्रान्झिस्टर एका चिपमध्ये मावले. अँटेनाला मात्र ही वाट मोकळी नव्हती, कारण तिचे माप लहरीची लांबी ठरवते. प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटरला, लहरीच्या वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. अँटेना नीट काम करायची तर ती या लांबीच्या निम्मी किंवा किमान पावपट असावी लागते. त्याहून लहान अँटेना करता येते, पण तिची किंमत कोठेतरी मोजावी लागते. ही किंमत कोणी आणि कशी मोजली, हाच अँटेनाच्या आकाराचा खरा इतिहास आहे. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्हा, म्हणजे पूर्वीचा गुलबर्गा, आणि त्याला लागून असलेला बिदर व सोलापूरचा सीमाभाग या मुलखात तो इतिहास जवळजवळ सलग पाहायला मिळतो.

आरंभी अँटेना लहानही होती आणि प्रचंडही. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींचे प्रयोग जाहीरपणे करून दाखवले. पुढे त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम केले, त्यामुळे त्यांची उपकरणे टेबलावर मावत आणि लहरी सोडणारे नळकांडे हातात धरता येई. १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकपार संदेश पाठवला तो शेकडो मीटर लांबीच्या लहरींवर. तो पकडायला पतंगाला बांधलेली सुमारे दीडशे मीटरची तार लागली. लांबचा पल्ला मिळत होता तो लांब लहरींमुळे, म्हणून जगाने मार्कोनीचा मार्ग धरला आणि बोस यांच्या आखूड लहरी दुसऱ्या महायुद्धातील रडारपर्यंत जवळपास अडगळीत पडल्या. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात सुरू झालेल्या बिनतारी तारसेवेची केंद्रे महाराष्ट्रातच होती: संदेश पाठवणारे पुण्याजवळ खडकीला, घेणारे दौंडला. सोलापूर आणि गुलबर्ग्यावरून जाणारी रेल्वे ज्या दौंडवरून पुढे येते, तेच हे दौंड. तेथे उंच मनोऱ्यांच्या रांगेवर तारांचे पडदे टांगलेले असत. सेवा तुलनेने आखूड लहरींवर चालत असूनही अँटेनाला शेतेच्या शेते लागत.

गुलबर्गा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. हैदराबादला १९३५ साली संस्थानी नभोवाणी सुरू झाली आणि १९५० मध्ये ती आकाशवाणीत विलीन झाली. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला घराबाहेर एरियल लागे. छपराच्या दोन टोकांना काठ्या उभारून त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणत, तिचे एक टोक खिडकीतून आत घेत आणि दुसरी तार ओल्या मातीत पुरत. काही घरांत माळ्याखाली तांब्याच्या विणलेल्या जाळीची पट्टी टांगलेली असे. रेडिओचा परवाना टपाल कार्यालयातून काढावा लागे, आणि एरियल दिसली की घरात रेडिओ आहे हे गावाला कळे.

१९६६ साली गुलबर्ग्यात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. त्याचे मध्यम लहरींवरचे प्रक्षेपण ११०७ किलोहर्ट्झवर होते, म्हणजे २७१ मीटरची लहर. तिची पावपट लांबी जवळपास ६८ मीटर भरते. अशा लहरींसाठी प्रक्षेपण केंद्राला उंच मनोरा अटळ असतो. तो मनोरा स्वतःच अँटेना असतो आणि त्याच्या पायथ्याशी जमिनीत तांब्याच्या तारांचे जाळे पुरलेले असते.

ऐकणाऱ्याची अँटेना मात्र याच दशकात एकदम आखडली. फेराइट हे चुंबकीय द्रव्य हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत विकसित झाले होते. त्याच्या पेन्सिलीएवढ्या कांडीवर बारीक तार गुंडाळली की लहरीचे चुंबकीय क्षेत्र कांडीत एकवटते आणि बाहेरच्या लांब तारेची गरज उरत नाही. ट्रान्झिस्टर रेडिओत ही कांडी आतच बसली. २७१ मीटरच्या लहरीसाठी दहा-पंधरा सेंटिमीटरची अँटेना! अशी कांडी लहरीतील ऊर्जेचा अगदी थोडा अंश पकडते. तरी ती चालते, कारण मध्यम लहरींवर खरी अडचण वातावरणातील खरखरीची असते. अँटेना लहान झाली तर आवाज आणि खरखर दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात, आणि पुढे दोन्ही वाढवून घेता येतात. एकच गोष्ट श्रोत्याच्या अंगावर आली: कांडीला दिशा असते, म्हणून रेडिओ फिरवून ठेवावा लागे. रात्री मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परत फिरतात, तेव्हा दूरची केंद्रेही लागत आणि आळंद किंवा बसवकल्याणच्या बाजूच्या मराठी घरांत पुणे आणि सांगली धरण्यासाठी हीच कसरत चाले. लहान अँटेनाची किंमत येथे प्रक्षेपण केंद्राने मोजली, मनोऱ्याच्या उंचीत आणि किलोवॅटमध्ये.

हा व्यवहार सर्वांत स्पष्टपणे दिसला तो १९७५ साली, आणि त्याचा एक रंगमंच गुलबर्गा जिल्हा होता. उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा तो प्रयोग ‘साइट’ या नावाने ओळखला जातो. विक्रम साराभाई यांच्या आग्रहातून अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात १९६९ मध्ये त्याचा करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले. प्रयोग प्रत्यक्षात आणणाऱ्या मंडळींत कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस हे प्रमुख होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना थेट उपग्रहावरून दूरदर्शन दाखवले गेले. कर्नाटकातील गावे गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर जिल्ह्यांतली होती. सकाळी शाळेच्या मुलांसाठी दीड तास आणि संध्याकाळी गावासाठी अडीच तास असे कार्यक्रम असत. या गावांना ते कन्नडमधून मिळत. महाराष्ट्र प्रयोगात नसल्याने मराठी कार्यक्रम नव्हते.

यातील अँटेनाचे गणित मुळापासून समजून घेण्यासारखे आहे. त्याआधी उपग्रहाचे संकेत घेणे हे मोठ्या भूस्थानकांचे काम होते. जुन्नरजवळच्या आर्वी येथे १९७१ साली सुरू झालेल्या विक्रम भूस्थानकाची तबकडी ३० मीटर व्यासाची होती. तसली तबकडी खेड्यात बसवणे शक्यच नव्हते. म्हणून तबकडी लहान करण्याचा भार उपग्रहाने उचलायचा असे ठरले. एटीएस-६ हा उपग्रह घडी घातलेली तबकडी घेऊन वर गेला आणि कक्षेत पोचल्यावर ती ९ मीटरहून अधिक व्यासाची झाली. उपग्रहाकडची ताकद या तबकडीने भारताच्या दिशेने एकवटली आणि जमिनीवर ३ मीटरची तबकडी पुरेशी ठरली.

ती ३ मीटरची तबकडीही साध्या सामानाची होती. प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्झवर, म्हणजे ३५ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर होते. लहर जाळीवर पडली आणि जाळीची भोके लहरीच्या मानाने बरीच लहान असली, तर लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच भासते. म्हणून अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातील अभियंत्यांनी खुराड्याला लावतात ती षट्कोनी तारेची जाळी वापरली. जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो. ती बैलगाडीतून नेता येते, आणि फाटली तर गावात दुरुस्त करता येते. संच हैदराबादच्या ईसीआयएल कारखान्यात बनले. याच वर्षी इस्रोने कोलंबोत लेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या घरीही एक तबकडी बसवली. स्थिर उपग्रहांवरून प्रक्षेपण करण्याची कल्पना त्यांनी १९४५ मध्ये मांडली होती. जगातील थेट उपग्रह दूरदर्शनाचा हा पहिला मोठा प्रयोग, आणि त्याची कोरडवाहू रानातील एक टोकाची अँटेना तुरीच्या आणि ज्वारीच्या पट्ट्यातल्या शाळेच्या आवारात उभी होती, ही बाब सीमाभागाच्या इतिहासात जितकी नोंदली जायला हवी तितकी नोंदली गेलेली नाही.

वर्ष संपले, उपग्रह परत अमेरिकेच्या बाजूला गेला आणि त्या तबकड्या मुक्या झाल्या. प्रयोगातील भागांना दूरदर्शन मिळत राहावे म्हणून काही ठिकाणी जमिनीवरचे प्रक्षेपक उभारले गेले. गुलबर्ग्याचा १९७७ साली सुरू झाला. आता अँटेना शाळेच्या आवारातून घराच्या छतावर आली. ही होती जपानी अभियंते उडा आणि यागी यांनी १९२६ साली मांडलेली रचना: एका आडव्या दांड्यावर ओळीने बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या. त्यातली एकच नळी तारेने संचाला जोडलेली असते. मागची नळी लहर परतवते आणि पुढच्या नळ्या ती समोरून ओढून घेतात. नळ्यांची लांबी लहरीच्या निम्मी असल्याने २०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या वाहिनीला पाऊण मीटरच्या नळ्या पुरत, तर ५०-६० मेगाहर्ट्झच्या वाहिनीला अडीच मीटरच्या. प्रक्षेपकापासून गाव जितके दूर तितक्या नळ्या जास्त आणि खांब उंच. वाऱ्याने खांब फिरला की एकाने वर चढून तो हळूहळू वळवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ असे ओरडायचे, हे दृश्य १९८० च्या दशकात महाराष्ट्र-कर्नाटकातल्या प्रत्येक गावाने पाहिले.

उपग्रह मग दुसऱ्या वाटेने परतला. १९८३ चा इन्सॅट-१बी, १९९० च्या दशकातील केबलचालकांच्या गच्चीवरील मोठ्या तबकड्या आणि डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा हे टप्पे लवकर सांगून संपतात. थांबावे ते शेवटच्या टप्प्यावर, कारण तेथे आकाराचा एक गैरसमज दूर होतो. घराच्या भिंतीवरची डीटीएच छत्री ६० सेंटिमीटरची असते, साइटच्या तबकडीच्या एक-पंचमांश. पण तिची लहर सुमारे पावणेतीन सेंटिमीटरची आहे. म्हणजे ही छत्री २२ लहरींएवढी रुंद, आणि साइटची ३ मीटरची तबकडी जेमतेम साडेआठ लहरींएवढी. अँटेनाच्या दृष्टीने पाहिले तर छत्रीच मोठी आहे. लहर आखूड झाली, उपग्रहाची ताकद वाढली आणि छत्रीच्या तोंडाशी बसणारे संवेदक अधिक शांत झाले. लहर आखूड असल्यामुळेच छत्रीला जाळी चालत नाही. तिची भोके लहरीशी जुळतील इतकी बारीक करायची तर पत्राच बरा.

हातातल्या यंत्राची गोष्ट याहून कठीण निघाली. भारतात मोबाइल सेवा १९९५ साली सुरू झाली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर, पावपट ८ सेंटिमीटरहून थोडी अधिक. म्हणून पहिल्या फोनांना ओढून काढायची दांडी असे. मग दांडीची तार गुंडाळून मळसूत्रासारखी केली आणि फोनच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढा ठोंब उरला. १९९९ च्या नोकिया ३२१० नंतर तोही गेला. अँटेना आत वळवलेल्या धातूच्या पट्टीत शिरली आणि ग्राहकाला वाटले की ती नाहीशी झाली. प्रत्यक्षात ९०० मेगाहर्ट्झवर ती पट्टी एकटी लहर सोडत नाही. ती फोनच्या संपूर्ण धातूच्या फळीत प्रवाह खेळवते आणि फळीच अँटेना होते. फोनची लांबी दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आसपास टिकून राहिली यामागे पडद्याइतकाच याही गोष्टीचा फायदा झाला. हाताने फोन धरला की संकेत का मावळतो, याचे उत्तरही येथेच आहे: हात अँटेनाच धरतो.

अँटेना किती लहान करता येईल याला मर्यादा आहे, आणि ती गणिताने सिद्ध झालेली आहे. अमेरिकेत हॅरोल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि एमआयटीतील लान जेन चू यांनी १९४८ मध्ये ती मांडली. अँटेना ज्या गोलात मावते त्याची त्रिज्या लहरीच्या मानाने घटत गेली की अँटेना वापरू शकेल असा वारंवारतेचा पट्टा त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात अरुंद होतो. त्रिज्या अर्धी केली तर पट्टा आठपट आखडतो. तो रुंद करायचा तर कार्यक्षमता सोडावी लागते, म्हणजे बॅटरीतील शक्ती उष्णता होऊन जाते. आकार, पट्टा आणि कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या म्हटल्या तर मिळत नाहीत. साधे पण निर्दय असे हे सूत्र आहे, आणि आजवर कोणत्याही कल्पक रचनेने ते ओलांडलेले नाही; उत्तम अभियंते फक्त त्याच्या जवळ पोचतात.

जवळ पोचण्याच्या या कामात गुलबर्ग्याचा वाटा आहे. गुलबर्गा विद्यापीठाची स्थापना १९८० साली झाली आणि तेथील उपयोजित इलेक्ट्रॉनिक्स विभागात पी. व्ही. हुनगुंद, एस. एन. मुल्गी, आर. एम. वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोस्ट्रिप अँटेनांवर वर्षानुवर्षे संशोधन केले. मायक्रोस्ट्रिप अँटेना म्हणजे तांब्याच्या पत्र्याचा चौकोनी तुकडा, खाली पातळ अचालक थर आणि त्याखाली तांब्याचा दुसरा थर. ही कल्पना १९५० च्या दशकातली, पण ती कामाला आली १९७० च्या दशकापासून. तुकड्याची लांबी लहरीच्या निम्मी लागते, पण अचालक थरात लहर आखडते. २.४ गिगाहर्ट्झची लहर हवेत साडेबारा सेंटिमीटर. तिच्या निम्म्यासाठी काच-इपॉक्सीच्या पट्टीवर सुमारे तीन सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. गुलबर्ग्यात वापरली गेली ती हीच काच-इपॉक्सी, कारण ती स्वस्त आणि बाजारात सहज मिळणारी. परदेशी महागड्या पट्टीवर उत्तम आकडे काढण्यापेक्षा ही निवड शहाणपणाची होती. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळते त्या पट्टीवर काय साधते हे त्यामुळे कळले.

तुकडा आणखी लहान करायची युक्ती अशी: त्याच्यात चिरा आणि खाचा कापायच्या. प्रवाह सरळ न जाता चिरांना वळसा घालून जातो, त्याची वाट लांबते आणि तोच तुकडा लांब लहरीवर बोलू लागतो. खालच्या थरात ठराविक आकाराची भोके पाडली की हाच परिणाम वेगळ्या मार्गाने मिळतो. गुलबर्ग्यातील लेखांत चिरांचे असे अनेक प्रकार, एकाच तुकड्यावर दोन-तीन पट्टे मिळवण्याचे प्रयत्न आणि पट्टा रुंदावण्याचे उपाय सापडतात. पट्टी छायाचित्र पद्धतीने कोरायची, टाका देऊन जोडणी बसवायची आणि विश्लेषक यंत्रावर किती शक्ती परत येते ते मोजायचे, ही त्यांची रीत होती. महाराष्ट्रात हेच काम मुंबईत एकवटले होते: पवईच्या आयआयटीत गिरीश कुमार आणि समीर या संस्थेत के. पी. राय यांनी रुंद पट्ट्याच्या मायक्रोस्ट्रिप अँटेनांवर काम केले, आणि २००३ साली निघालेले त्यांचे इंग्रजी पुस्तक जगभर वापरले जाते. गुलबर्ग्याला मुंबईसारखी साधने नव्हती. त्या मानाने तेथून बाहेर पडलेले काम मोलाचे आहे.

उलट टोकाचे उदाहरण पुणे जिल्ह्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची आहे, आणि त्या तबकड्या पुन्हा जाळीच्याच आहेत. तिथे दुसऱ्या टोकाला कोणी ताकद वाढवू शकत नाही. आकाशगंगांकडून जे येते तेवढेच येते. म्हणून तिथली अँटेना लहान होऊ शकत नाही.

गुलबर्ग्याहून आळंदकडे जाताना लागणारे कडगंची हे मराठी वाचकाला गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर यांचे गाव म्हणून माहीत असते. २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा कारभार आरंभी गुलबर्गा विद्यापीठाच्या आवारात चाले. नंतर ते कडगंचीच्या माळावर आले, आणि तेथे इलेक्ट्रॉनिक्स व संदेशवहन अभियांत्रिकी शिकवली जाते. येथे शिकणाऱ्याच्या खिशातल्या फोनमध्ये मोबाइलच्या अनेक पट्ट्यांसाठी, वायफायसाठी, ब्लूटूथसाठी आणि उपग्रहावरून स्थान कळण्यासाठी मिळून अर्धा डझन किंवा अधिक अँटेना असतात.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली. तिच्यासाठी लिलावात निघालेल्या पट्ट्यांत २६ गिगाहर्ट्झचाही होता. त्याची लहर साडेअकरा मिलिमीटरची, म्हणजे बोस यांच्या प्रयोगांच्या पंक्तीतली. तिच्यावर तांब्याचे तुकडे तीन-चार मिलिमीटरचे होतात आणि नखाएवढ्या जागेत त्यांची ओळ बसते. पण अशी लहर भिंतीने, झाडाने, पावसाने अडते आणि काही शे मीटरवर नवा मनोरा मागते. आळंद तालुक्यातल्या विरळ वस्त्यांना ते परवडणारे नाही. तिथे उपयोगी पडतो तो ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्याची लहर ४३ सेंटिमीटर लांब आहे आणि जिची पावपट लांबी फोनमध्ये अजूनही अवघडूनच बसते. म्हणून मोठ्या शहरांपेक्षा खेड्यांच्या फोनसाठी अँटेना लहान करणे हे आजही अधिक कठीण काम आहे.